कोंबड्यांच्या शेडमधील ऊब : हिवाळ्यातील प्रकल्प नोंदी

17 नोव्हेंबर

पन्हाळ्याच्या पायथ्याशी आक्काच्या मळ्यात कोंबड्यांची शेड आहे. ती 30 फूट लांब आणि 12 फूट रुंद असून तिची लांबी पूर्व-पश्चिम आहे. अर्ध्या भागात अंड्यावर आलेल्या चाळीसेक कोंबड्या आहेत, आणि उरलेल्या भागात डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून 200 एकदिवसीय पिल्ले येणार आहेत. थंडी पडू लागल्यामुळे सगळ्या शेडला हिटर बसवून द्यावा, असे आक्काचे म्हणणे आहे. काम उद्यमनगरातील माझ्या वर्कशॉपमध्ये करायचे ठरले असून त्याच्या नोंदी आजपासून ठेवत आहे.

पहिला निर्णय आजच घेतला. मोठ्या कोंबड्यांच्या बाजूला कसलीही ऊब द्यायची नाही. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या पुढे असते आणि पूर्ण पिसारा आलेली कोंबडी रात्री पिसे फुलवून त्यात हवा धरून ठेवते. ती कोरडी असली आणि थेट वारा लागत नसला, तर आपल्याकडची 12-14 अंशांची पहाट तिच्या खिजगणतीतही नसते. तिला थोडे जास्त खाद्य लागते, एवढेच. दाजी सुभेदार म्हणून निवृत्त झाले असून नोकरीत काही वर्षे लेहला होते. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली 15-20 अंश उतरतो. दाजी सांगतात की तेथे शेडच्या दक्षिणेच्या भिंतीला काच किंवा पारदर्शक पत्रा लावून दिवसभराचे ऊन आत घेतात आणि जाड मातीच्या भिंतींत ते रात्रीसाठी साठवतात. एवढ्या थंडीतही मोठ्या पक्ष्यांना त्रास होतो तो मुख्यतः दमट हवेचा, कारण ओलावा तुऱ्यावर बसून गोठला की तुरा काळा पडतो. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. ओलाव्याचा मात्र आहे.

20 नोव्हेंबर

पिल्लांची गोष्ट वेगळी आहे. एका दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर पिसे नसून नुसती लव असते आणि स्वतःचे तापमान टिकवण्याची शक्ती त्याला पिसे फुटू लागल्यावर, म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी येते. तोपर्यंत आईच्या पंखाखालची ऊब आपणच पुरवायची असते. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअस, म्हणजे पोल्ट्रीवाल्यांच्या बोलण्यातले 95 फॅरनहाइट, आणि त्यापुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी, असा सर्वमान्य हिशेब आहे.

येथील हिवाळ्याची अडचण कडाक्याची नाही, चढउताराची आहे. दुपारी पत्र्याखाली 30 अंश होतात आणि पहाटे पारा निम्म्यावर येतो. त्यामुळे रात्रीच्या हिशेबाने बसवलेली ऊब दुपारी पिल्लांना धाप लावते आणि दुपारच्या हिशेबाने बसवलेली ऊब पहाटे अपुरी पडते. म्हणून आपोआप कमी-जास्त होणारी व्यवस्था हवी. हिवाळ्यात दर पिल्लामागे 2 वॅट धरले, तर 200 पिल्लांना 400 वॅट लागतात. एकच मोठा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारे साधन, करण्याऐवजी शंभर-शंभर पिल्लांचे दोन ब्रूडर करायचे. पिल्ले घाबरून एकावर एक चढली, तर शंभरांचा ढीग दोनशेंच्या ढिगापेक्षा लवकर मोडता येतो.

25 नोव्हेंबर

उष्णता कशाने द्यायची, यावर आज संध्याकाळी मळ्यात बराच वेळ चर्चा झाली.

आक्काच्या शेजारच्या मळ्यात कोळशाची शेगडी ठेवतात, कारण ती स्वस्त पडते आणि वीज गेली तरी चालते. माझा आणि दाजींचा तिला ठाम विरोध आहे. बंद जागेत कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. पिल्ले तर जातातच, परंतु राखण करायला आत झोपलेला माणूसही उठत नाही. लेहमध्ये खोली तापवायला बुखारी, म्हणजे बंद शेगडी, वापरतात. दाजी म्हणाले, “तिकडं बुखारी विझवल्याशिवाय आम्ही कुणाला झोपू देत नव्हतो. थंडीनं माणूस जागा तरी होतो, धुरानं होत नाही.” त्यानंतर शेगडीचा विषय कुणी काढला नाही.

गॅसवर चालणारा ब्रूडर मोठ्या पोल्ट्र्यांत वापरतात आणि वीज बेभरवशाची असेल तेथे तो उपयोगाचा आहे. परंतु त्यालाही भरपूर हवा लागते, आणि एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने शेडमध्येच राहते. ज्या ओलाव्याला आपण बाहेर घालवू पाहतो, तोच विकत घेऊन आत सोडायचा, हे मला पटत नाही.

राहिली वीज. त्यात 250 वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्ब सगळ्यांत सोपा, परंतु थंड देशांत खुराड्यांना लागणाऱ्या आगींत याच बल्बचे नाव वारंवार निघते. सगळी उष्णता एका काचेत एकवटलेली असते. साखळी निसटली, पक्षी उडून आदळला किंवा तापलेल्या काचेवर पाण्याचे थेंब उडून ती तडकली, की गरम तुकडे थेट पिल्लांखाली पसरलेल्या गादीवर पडतात. शिवाय तो एकच असल्यामुळे उडाला की शंभर पिल्ले एकदम उघडी पडतात. सिरॅमिकचा एलिमेंट मजबूत असतो, परंतु तो उजेड देत नाही, त्यामुळे बंद पडलेला लांबून कळत नाही.

शेवटी दर ब्रूडरला 60 वॅटचे चार साधे तारेचे बल्ब, असे ठरले. एक उडाला तर तीन राहतात आणि उडालेला घराच्या पडवीतूनही दिसतो. एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहे, कारण तो विजेची बचत करतो ती नेमकी आपल्याला हवी असलेली उष्णता न देऊन. तारेचे बल्ब दुकानांत हल्ली सहज मिळत नाहीत, म्हणून जास्तीचे आताच घेऊन ठेवणार आहे.

कोणत्याही पर्यायाला मी तीन प्रश्न विचारतो. तुटून पडला तर कशावर पडेल? रात्रीतून बंद पडला तर काय होईल? आणि बंद व्हायचा तेव्हा न होता चालूच राहिला तर काय होईल? ज्याला तिन्ही प्रश्नांची धड उत्तरे नाहीत, ते साधन कितीही ऊबदार असले तरी शेडमध्ये न्यायचे नाही.

28 नोव्हेंबर

गादीसाठी काय वापरायचे, हा छोटा विषय वाटला होता, पण तो उष्णतेशी बांधलेला निघाला. सध्या गुऱ्हाळे सुरू असल्यामुळे उसाचे चिपाड फुकटच्या भावात मिळते, म्हणून तेच पसरावे असे आक्काच्या मनात होते. वाळलेले चिपाड ठिणगीने भडकते. गुऱ्हाळाच्या चुलवाणात तेच जळण म्हणून घालतात, यातच सगळे आले. ओले राहिले तर त्यावर बुरशी धरते आणि पिल्लांच्या फुप्फुसांना ती बाधते. भाताच्या तुसात सिलिका भरपूर असल्यामुळे तूस भडकत नाही, धुमसते. धोका त्यालाही आहे, पण धूर दिसून हात मारायला वेळ मिळतो. गिरणीतून कोरडे तूस आणून तीन इंचांचा थर द्यायचे ठरले.

4 डिसेंबर

दोन्ही ब्रूडरची टोपणे आज तयार झाली. 24 गेजच्या जीआय पत्र्याची, तीन फूट व्यासाची, उलट्या टोपलीच्या आकाराची. बारकावे येथे लिहून ठेवतो, कारण पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला ही बनवायची झाल्यास तेच उपयोगी पडतील.

होल्डर चिनी मातीचे, स्क्रूचे घेतले. नेहमीचा पिनचा प्लास्टिक होल्डर उलट्या टांगलेल्या बल्बच्या उष्णतेने महिन्याभरात ठिसूळ होतो. त्यातील स्प्रिंगा सैल पडतात, पिनांशी बारीक ठिणग्या उडू लागतात आणि होल्डरचे तोंड तपकिरी होते. असा तपकिरी होल्डर कुठल्याही शेडमध्ये दिसला, तर बल्ब चालू असला तरी तो त्याच दिवशी काढावा. टोपणाच्या आतील वायरवर फायबर ग्लासची नळी चढवली, कारण साध्या पीव्हीसी वायरचे आवरण 70 अंशांपर्यंतच्या कामासाठी असते आणि बल्बच्या मानेशी त्याहून जास्त ताप होतो. बल्बांच्या खाली अर्ध्या इंचाची जाळी पत्र्याला रिबिट मारून बसवली. बल्ब फुटला किंवा निखळला, तरी मोठे तुकडे जाळीत राहतील, तुसावर जाणार नाहीत.

टोपण साखळीने टांगायचे आणि त्याशिवाय पोलादी तारेचा स्वतंत्र दोर वेगळ्या हुकाला बांधायचा. साखळी सुटली तर दोर टोपणाला जमिनीपासून फूटभर वर धरून ठेवील, इतकीच त्याची लांबी ठेवली आहे. वजन वायरवर कधीही येता कामा नये. शेडमध्ये मी पाहिलेल्या निम्म्या टांगण्या वायरीच्याच असतात.

तापमानाच्या नियंत्रणासाठी एसटीसी-1000 हा डिजिटल कंट्रोलर घेतला. चार बल्बांपैकी दोन कायम चालू राहतील आणि दोन कंट्रोलरवर. कंट्रोलर बिघडून बंद पडला तरी निम्मी ऊब राहील आणि चालूच अडकला तरी दोनच बल्ब जास्तीचे जळतील. त्यांच्यावर आणखी एक पहारा म्हणून टोपणाच्या आत साधा बायमेटल कटआउट, म्हणजे फार तापल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच, बसवला आहे. चालू-बंदमधील फरक दोन अंशांचा ठेवला, कारण अर्ध्या अंशावर ठेवला तर बल्ब सारखे लुकलुकतात, लवकर उडतात आणि पिल्लेही बिचकतात.

7 डिसेंबर

शेडमध्ये वायरिंग पूर्ण केले. वायर सगळी लोखंडी पाइपातून नेली आहे, कारण उंदीर पीव्हीसीची पट्टी कुरतडतो आणि शेडमध्ये खाद्य आहे तेथे उंदीर असणारच. स्विचबोर्ड पिल्लांच्या भागाबाहेर भिंतीवर, झाकणाच्या पेटीत बसवला. 6 अँपिअरचा एमसीबी (जास्त भार आल्यास वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज अंगातून किंवा जमिनीत गळू लागताच ती तोडणारा स्विच) लावला. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून घेतले. शेडमध्ये पत्रा, पाणी आणि उघड्या पायांनी फिरणारी माणसे एकत्र असतात. आरसीसीबी पिल्लांसाठी नाही, आक्कासाठी आहे.

10 डिसेंबर

पिल्ले येण्याआधी ब्रूडर दिवसरात्र चालवून पाहिला. यात दोन उद्देश होते. एक म्हणजे थंडगार तुसावर पिल्ले सोडली तर हवा गरम असूनही त्यांच्या पायांतून ऊब निघून जाते, म्हणून गादी आधीच तापवावी लागते. दुसरे म्हणजे नवे जोडकाम तापल्यावर कसे वागते ते रिकाम्या शेडमध्ये कळावे. दर काही तासांनी मेन बंद करून प्लग-टॉपला आणि जोडांना हात लावून पाहिला. कोमट चालतो, परंतु हात ठेववत नसेल तर जोड ढिला आहे असे समजावे. एका पेटीतील न्यूट्रलचा स्क्रू अर्धा आटा फिरला. कंट्रोलरचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारे टोक, टोपणाच्या कडेला, गादीपासून दोन इंचांवर, बारीक जाळीच्या नळकांड्यात बसवला, म्हणजे पिल्लू त्यावर बसून त्याला स्वतःच्या अंगाची ऊब देणार नाही आणि प्रोब ओढलाही जाणार नाही. प्रोब बाहेर पडून थंड फरशीवर लोळत राहिला, तर कंट्रोलर इमानदारीने ब्रूडर तापवतच बसतो.

पहाटे पाचला शेडमध्ये 14 अंश होते, टोपणाच्या कडेखाली 35.

12 डिसेंबर

पिल्ले सकाळी आली. आक्काने कोमट पाण्यात गूळ विरघळवून ठेवला होता, लिटरला साधारण 80 ग्रॅम. कोल्हापुरात त्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागत नाही. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात बुडवून मगच त्याला आत सोडले. पहिल्या काही तासांसाठी कागदावर मक्याचा भरडा पसरला. हा कागद बल्बांच्या थेट खाली नको, असे बजावून तो टोपणाच्या बाहेरच्या कडेला अंथरला, कारण तूस धुमसते, पण कागद पेटतो.

टोपणाभोवती दोन फूट अंतर सोडून दीड फूट उंचीच्या पत्र्याचे कडे केले आहे. या कड्यात ऊबही हवी आणि थंड जागाही हवी, म्हणजे पिल्लाला स्वतः निवडता येते. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहावे. सगळी बल्बाखाली गोळा होऊन बारीक आवाजात चिरचिरत असतील तर थंडी वाजते आहे. कड्याला चिकटून चोच उघडी ठेवून बसली असतील तर उकडते आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. आज संध्याकाळी पूर्वेकडच्या ब्रूडरमध्ये ती सगळी पश्चिमेला सरकली होती. कोपऱ्यातील पडदा एका जागी फाटला होता, तो शिवून घेतल्यावर अर्ध्या तासात सारखी पसरली.

14 डिसेंबर

पहाटे वीज गेली. मळ्यातील विजेचा हा नेहमीचाच प्रकार असल्यामुळे इन्व्हर्टर आधीच जोडलेला होता. त्याच्यावर दर ब्रूडरचे कायम चालणारे दोनच बल्ब घेतले आहेत, म्हणजे एकूण 240 वॅट. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर 1800 वॅट-अवर असतात. त्यातील 60 टक्केच वापरायचे आणि इन्व्हर्टरची घट वजा करायची, तर हिशेब साडेतीन तासांचा बसतो. वीज त्याआधी आली. तरी वीज आणखी लांबली तर काय, याची तजवीज म्हणून गरम पाण्याचे झाकणबंद डबे गोणपाटात गुंडाळून टोपणाखाली ठेवायचे ठरले आहे. या उपायात जळण्यासारखे काही नाही, फक्त झाकण घट्ट हवे.

20 डिसेंबर

या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची नोंद बहुधा हीच आहे, आणि तिचा ब्रूडरशी संबंध नाही.

काल रात्री गार वारा सुटला म्हणून शेडचे सर्व पडदे खालपासून वरपर्यंत बंद करून टाकलेले आढळले. सकाळी आत शिरताच पत्र्याच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब लोंबत होते आणि काही थेंब तुसावर पडून तेथे काळपट गोळे झाले होते. उभे राहून वास फारसा जाणवत नव्हता. उकिडवा बसून पिल्लांच्या उंचीवर नाक नेले तेव्हा डोळे चुरचुरले. हा अमोनिया. विष्ठा ओलसर गादीत कुजते आणि तो तयार होतो. हवेत दहा लाखांत 25 भागांच्या वर गेला की तो पक्ष्यांच्या डोळ्यांना आणि श्वासनलिकेला इजा करू लागतो. श्वासनलिकेचे अस्तर एकदा खराब झाले की साधी सर्दीही मरतूक वाढवते. पक्षी खाद्याच्या साधारण दुप्पट पाणी पितात आणि त्यातील बहुतेक पाणी श्वासातून व विष्ठेतून शेडमध्येच येते. ते बाहेर जायला वाट नसेल तर ते छतावरून परत त्यांच्याच अंगावर पडते.

आक्काची शंका रास्त होती : “सगळं उघडं ठेवलं तर ऊब राहील कशी?” उत्तर असे की वारा आणि हवा या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या. पडदे वरून टांगून खाली सोडण्याची पद्धत त्यासाठी उलटी आहे, कारण तसा पडदा उघडला की पहिली फट खाली, पिल्लांच्या अंगावर पडते. आज दोन्ही बाजूंचे पडदे काढून त्यांची खालची कड भिंतीला पट्टीने पक्की केली आणि वरची कड दोरी-कप्पीवर घेतली. आता पडदा कितीही वर नेला तरी छताखाली फूटभर जागा उघडी राहते, आणि त्याहून वर तो जाऊच नये म्हणून दोरीला गाठ मारली आहे. गरम, दमट हवा वर जाऊन तेथून निघून जाते. पिल्लांना वारा लागत नाही. बल्बांना थोडे जास्त जळावे लागते, ते जळू द्यावे.

भिजलेले तूस काढून कोरडे टाकले. पाण्याची भांडी विटेवर ठेवली. तूस रोज सकाळी दाताळ्याने खालीवर करायचे काम दाजींनी स्वतःकडे घेतले आहे.

27 डिसेंबर

तिसरा आठवडा सुरू झाला. कंट्रोलर 29 वर आणला, टोपणे चार बोटे वर घेतली आणि कडी मोठी केली. पंखांवर पिसे चांगली फुटली आहेत. दुपारी कंट्रोलरचे बल्ब आपोआप बंदच असतात. एक बल्ब उडाला होता, तो बदलला.

3 जानेवारी

मोठ्या कोंबड्यांची अंडी कमी झाली आहेत. थंडीमुळे झाली, म्हणून तिकडेही एक ब्रूडर हवा, असा आग्रह पुन्हा सुरू झाला. येथे दोन गोष्टींची गल्लत होते आहे. कोंबडीला अंडी घालायला 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि या दिवसांत कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमारास उगवून सहाच्या थोडे पुढे मावळतो, म्हणजे दिवस जेमतेम 11 तासांचा. तूट उजेडाची आहे, उबेची नाही. तिकडे 9 वॅटचा एक एलईडी बल्ब टायमरवर लावला; तो पहाटे चारला लागेल आणि उजाडल्यावर बंद होईल. संध्याकाळी वाढवला असता तर अचानक अंधार होऊन कोंबड्या दांडीवर चढायच्या आत जमिनीवरच अडकल्या असत्या. येथे मात्र एलईडीच योग्य.

दांड्याही बदलल्या. गोल बांबूऐवजी तीन इंच रुंदीची, कडा तासलेली फळी बसवली, म्हणजे कोंबडी पाय सपाट ठेवून त्यावर बसते आणि बोटे पिसांखाली झाकली जातात. ही युक्ती दाजींची, लेहची. आपल्याकडे तिची तितकी गरज नाही, पण खर्चही नाही. संध्याकाळच्या खाद्यात मक्याचे प्रमाण थोडे वाढवायला सांगितले आहे.

10 जानेवारी

ब्रूडर काल रात्री पूर्ण बंद ठेवून पाहिला. पिल्ले विखरून, शांत झोपली होती; पहाटे 13 अंश होते. आज दोन्ही टोपणे उतरवली. पत्र्यावर आणि बल्बांच्या मानांवर खाद्याच्या व पिसांच्या धुळीचा करडा थर बसला होता. हीच धूळ तापलेल्या काचेवर करपते. अधूनमधून पुसूनही इतकी साठली, त्यामुळे पुढच्या बॅचमध्ये दर रविवारी मेन बंद करून, बल्ब निवल्यावर, कोरड्या फडक्याने पुसायचे असे वेळापत्रक पेटीच्या झाकणावर चिकटवले आहे.

पश्चिमेकडच्या टोपणाचा एक होल्डर बदलायचा आहे, त्याच्या कडेला केसाएवढी चीर गेली आहे. तारेचे बल्ब सहा शिल्लक आहेत. पुढची पिल्ले आक्का फेब्रुवारीच्या अखेरीस आणणार आहे. तेव्हा थंडी ओसरलेली असेल, म्हणून दर ब्रूडरला तीनच बल्ब लावून सुरुवात करायची आणि चौथा होल्डर रिकामा न ठेवता त्याच्या तोंडाला चिनी मातीचे झाकण बसवायचे.